माळ्यावर सोडलेली वाफ

काकांच्या आंबेमोहराचं बी मी मारलं. माझ्या न्हाणीघराच्या पंख्यानं मारलं असं म्हणायची सोय आहे, पण पंख्याला काही कळत नव्हतं आणि मला कळत होतं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या काकांना तर नाहीच. ते बी काकांच्याच हयगयीनं गेलं असं आमची भावकी आजही धरून चालते. ज्या बैठकीत हे ठरलं तिच्यात मी होतो. मी मान हलवली होती.

लोक म्हणतात, बोलून टाकलं की हलकं वाटतं. मला हलकं व्हायचं नाही. मला राग आलेला आहे, आणि इतकी वर्षं तो मी भलत्यांवर काढत आलो. बायकोवर, कचेरीतल्या शिपायावर, दारात आलेल्या पाहुण्यांवर. आता तो ज्याच्यावर काढायचा त्याच्यावरच काढावा म्हणून लिहायला बसलो.

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. भोरातल्या दरबारी पगड्या खुंटीला लागल्या होत्या, पण दरबारी ऐट अजून गल्लीबोळांत शिल्लक होती. मी कचेरीत कारकून. घर नीरेकडच्या उतारावर, बेताचंच: पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर, आणि या सगळ्यावर एकच सलग माळा. न्हाणीघरात तांब्याचा बंब. खिडकी म्हणावी असं काही नाही. बंब पेटला की खोलीत धूर आणि वाफ यांची अशी गर्दी व्हायची, की तांब्या हातानं चाचपून शोधावा लागे. बायको पुण्याची. खोकत, डोळे पुसत बाहेर यायची आणि काही बोलायची नाही. तिच्या वाटचं माझे सासरे बोलायचे.

"जावईबापू," ते पहिल्यांदा अंघोळ करून बाहेर आले तेव्हा म्हणाले, "तुमच्याकडं अंघोळ करायची की होम करायचा?"

सगळे हसले. मीही हसलो. मी असाच आहे, अपमान झाला की आधी हसतो आणि मग वर्षभर मनात धरून ठेवतो. पुढच्या दिवाळीला सासरे यायचे होते. तोवर न्हाणीत धूर ओढणारा पंखा बसवायचा, असं मी ठरवून टाकलं. घरी धूर ओढायला पंखा ठेवणारे भोरात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. आमच्या आळीत तर कुणी नाव ऐकलं नव्हतं.

आधी भिंतीतच बसवायचा विचार होता. भिंतीला भोक पाडायचं, पंखा लावायचा, धूर बाहेर. पण न्हाणीची बाहेरची भिंत एकच, आणि ती शेजारच्या काकूंच्या परसात उघडणारी. तिथं त्यांची सोवळं वाळत घालायची वलणी. मी सहज विषय काढला, तर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हणजे तुमच्या अंगाची धुतलेली हवा माझ्या सोवळ्यावर सोडणार? अहो, देवाला काय सांगू मी? शेजाऱ्यांची अंघोळ नेसून आलेय म्हणून?"

"काकू, नुसती वाफ असते ती."

"वाफ असो नाही तर आणखी काही. भिंतीला भोक पडलं तर त्यात मी माझी केरसुणी खोचीन, सांगून ठेवते."

भिंत संपली. राहिलं छत. न्हाणीला वर लाकडी तक्तपोशी होती, तिच्यात गोल भोक पाडून पंखा बसवता आला असता. पुण्याच्या दुकानात तसले पंखे होतेही. मी तिथं जाऊन तासभर त्या पंख्यांपुढं असा उभा राहिलो, जसा काही बैलच विकत घेतोय. मोठा पंखा न्हाणीला डोईजड होता, दुकानदारच म्हणाला, हा लावलात तर पंचाही वर चिकटेल. लहान घेतला. जाळी पांढरी, पाती तीन. मग त्यानं शेल्फावरून पत्र्याचा नळा काढून माझ्यापुढं ठेवला.

"हा पण न्या. पंखा हवा ओढतो, गिळत नाही. कुठं तरी सोडायला पाहिजे ना ती? हा नळा छपरातून थेट बाहेर काढायचा."

मला वाटलं, हा जास्तीचं गळ्यात मारतोय. नळा मी तिथंच ठेवून आलो. तो माणूस मला आजही डोळ्यांसमोर दिसतो, आणि खरं सांगतो, अजूनही त्याचा राग येतो. एकदाच का सांगितलंस? दोनदा का नाही सांगितलंस, गाढवा? हा माझ्या रागाचा मासला. बरोबर सांगणाऱ्यावरसुद्धा उलटणारा.

भोरातला वायरमन बसवायला आला. तंबाखूची पिंक टाकायला दर पाच मिनिटांनी अंगणात जाणारा गडी होता तो. तक्तपोशीला भोक पाडलं, पंखा बसवला आणि माळ्यावर चढून मला हाक मारली.

"नळा कुठंय, साहेब?"

"नळा नाही."

"मग हवा काय खिशात ठेवता?"

"माळ्यावर सोडा."

तो खाली वाकून माझ्याकडं बघायला लागला. त्याचं म्हणणं, चार कौलं उचलायची, आतला पत्रा तेवढा कापायचा, पुण्याहून नळा आणवायचा, झालं. पण तो पत्राच मला कापू द्यायचा नव्हता. आदल्या वर्षी वानरांनी कौलं सरकवून माळ्यावर धुडगूस घातला होता, म्हणून मी कौलांच्या खालून सगळीकडं पत्रे ठोकून घेतले होते. आता पुन्हा आपल्या हातानं भोक पाडून वानरांना दार उघडून द्यायचं? शिवाय दिवाळी आठवड्यावर. मी त्याला माझं ज्ञान ऐकवलं.

"आमच्या गावी चुलीचा धूर माळ्यावरच जातो. तिथंच बियाण्याच्या कणग्या असतात. धुरानं बी टिकतं, किडा लागत नाही. वाडवडिलांपासूनची रीत आहे. मग बंबाच्या धुरानं काय बिघडणार आहे?"

"तुमच्या गावात चुलीवर बसून अंघोळ करतात का?" तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मग खांदे उडवून त्यानं बटण जोडून दिलं. त्याला दिवाळीची आणखी कामं होती.

चुलीचा धूर कोरडा असतो. बंबाच्या न्हाणीतून वर जाते ती निम्मी वाफ. हे समजायला कचेरीतली नोकरी लागत नाही, भाताच्या झाकणाखाली एकदा बघितलं तरी पुरे. मी खेड्यातला, कणगीच्या सावलीत वाढलेला. मी 'धूर' म्हटलं आणि माझं मीच ऐकून खूश झालो.

दिवाळीच्या पहाटे सासरे उटणं लावून न्हाणीत गेले आणि मी बाहेरून बटण दाबलं. पंखा घुंई करून फिरायला लागला. ते बाहेर आले तेव्हा डोळे कोरडे, चेहरा टवटवीत.

"वा! आता माणसांत आलात," ते म्हणाले.

त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस जगलो. आळीतल्या बायका पंखा बघायला आल्या. कचेरीतले दोघेतिघे रविवारी पंचे खांद्यावर टाकून चक्क अंघोळीलाच आले. शेजारच्या काकूसुद्धा दारातून डोकावून म्हणाल्या, "जातो कुठं हो एवढा धूर?" मी बोट वर केलं. वर म्हणजे आकाशात, असं त्यांना वाटलं. वाटू दिलं.

तुळशीचं लग्न उरकल्यावर मी आकाशकंदील माळ्यावर ठेवायला चढलो, तर मानेवर पाण्याचा थेंब पडला. वर हात लावला. पत्रा घामेजलेला होता. न्हाणीवरच्या सगळ्या पत्र्याला आतून थेंब लोंबत होते, आणि पहाटेच्या थंडीत ते एकेक करून खाली पडत होते. मी बराच वेळ तिथं ओणवा होतो. पाऊस नव्हता, कौल फुटलेलं नव्हतं. काय झालंय ते मला पुरतं कळलं. मग मी कंदील दुसऱ्या टोकाला ठेवला, खाली उतरलो आणि चहा मागितला. उन्हाळ्यात वाळेल, म्हटलं.

पौषात काका आले.

आता काकांविषयी सांगायला हवं. वडील गेले तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जायच्या वयाचा. काकांनी मला वाढवलं, भोरात शिकायला ठेवलं, डोक्यावरून तांदूळ आणून पोचवले. आमची वाडी वेल्ह्याकडं, गुंजवण्याच्या अलीकडं डोंगराच्या पायाशी. भात हे तिथलं एकच पीक, आणि आंबेमोहर आमच्या खाचरांचा. भावकीतल्या सगळ्या घरांचं बी काका धरत. कापणीच्या आधी ते एकटेच खाचरांतून हिंडायचे. वाऱ्यानं आडवं न झालेलं भाताचं ताट बघायचं, त्याची भरलेली लोंबी तेवढी खुडायची, वेगळी झोडपायची, वेगळी वाळवायची, निर्गुडीच्या पाल्यात कणगीत भरायची. मृगाच्या आधी ते बी घरोघर वाटायचं. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांचे वडील करायचे, म्हणून ते करायचे. काकांना वाडीत आबा म्हणत. कुणाच्या घरी भात शिजला की वाटेवरचा माणूस थांबून म्हणायचा, "ह्यो आबाच्या बियाचा वास." बाकी काकांना कुणी शहाणं म्हणत नसे. चिडके होते, देवळात मोठ्यानं शिंकायचे. पण बियाण्याच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढं शब्द नव्हता.

त्या वर्षी त्यांच्या घराचे वासे वाळवीनं खाल्ले म्हणून छप्पर उतरवलं होतं. माळा नाही, तर बी ठेवायचं कुठं? त्यांनी कणगी बैलगाडीत घातली, वर घोंगडी टाकली आणि माझ्याकडं घेऊन आले. बरोबर त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ.

"तुज्या माळ्याव ठिवतो," काका म्हणाले. "परक्याच्या हितं ठिवायला जीव व्हत न्हाई."

माळ्यावर स्वयंपाकघराच्या बाजूला बायकोचं सामान होतं. पाळणा, पापडांचे डबे, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. खालून तिनं ओरडून सांगितलं, "कुठंही ठेवा, पण माझ्या बरण्यांना हात लावू नका!" मोकळी जागा होती ती न्हाणीवर, पंख्याच्या जाळीशेजारी. ती मोकळी का होती ते मला माहीत होतं. दोन महिन्यांत मी तिथं काही ठेवलं नव्हतं.

काकांनी जाळीवर हात धरला.

"ह्ये काय रं?"

"पंखा आहे काका. न्हाणीतला धूर वर ओढतो."

"धूर? हितं येतो?"

"हो."

"मग ब्येसच की! बियाला धूर मानवतो. सूनबाई सैपाक करंल तवा तिकडनं धूर, तुमी अंगूळ कराल तवा हिकडनं." ते हसले आणि त्यांनी आपल्या हातानं कणगी जाळीला लागून सरकवली. "लई भारी केलंस बग."

तेव्हा बोलायला हवं होतं. 'काका, तिथं नको, तिथं वाफ येते, पत्रा गळतो,' एवढंच. बरण्या हलवायच्या, पाळणा हलवायचा, अर्ध्या तासाचं काम. पण खाली अंगणात कचेरीतला एकजण पंचा घेऊन बसला होता, आणि बायको त्याला सांगत होती की यांनी स्वतः पुण्याहून निवडून आणला. माझा पंखा चुकीचा बसवलाय, हे त्या दोघांच्या देखत माझ्या तोंडून निघेना. मी काकांना म्हटलं, "जपून उतरा, शिडी हलते."

मग कडाक्याची थंडी पडली. भोरातली थंडी ज्यांनी अनुभवलीय त्यांना ठाऊक आहे, माणूस बंबाजवळून हलत नाही. बायको, मुलगी, मी, आलेगेले, सगळ्यांची कढत पाण्यानं अंघोळ आणि सगळ्यांच्या डोक्यावर पंख्याची घुंई. बटण मीच दाबायचो. बाहेर उभा राहून तो आवाज ऐकायचो आणि वर काय चाललं असेल त्याचा विचार करायचा नाही, असं ठरवायचो. असं ठरवता येतं. माणसाला वाटतं त्याहून कितीतरी सोपं असतं ते.

वैशाखात बायको मुलीला घेऊन पुण्याला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा मला वास आला. शिडी लावून वर गेलो. कणगीचं जाळीकडचं अंग काळं पडलं होतं. हात लावला तर शेणाचा लेप खपलीसारखा निघून आला. आत हात घातला. वरचं बी बरं लागलं, खाली गेलो तर ढेकळं, आणि ढेकळांत ऊब. मूठ उघडली. पांढरी बुरशी, आणि मधे काही दाणे मोड येऊन तसेच मेलेले.

त्या दिवशीसुद्धा वेळ गेलेली नव्हती. हे नीट समजून घ्या, कारण इथंच माझा खरा गुन्हा आहे, बाकीचा मूर्खपणा होता. वैशाखात वाडीतल्या घराघरांत त्याच पिकाचं भात अजून कांडायचं शिल्लक होतं. व्यापारी पावसाच्या तोंडावर येऊन उरलंसुरलं उचलतो, त्याला अजून अवकाश होता. एक निरोप गेला असता तर भावकीनं आपापल्या घरातलं भात बियाला राखून ठेवलं असतं. निवडक नसतं, पण वाण तोच राहिला असता.

मी निरोप धाडला नाही. मी परसात चटया टाकल्या आणि बी पसरलं. ढेकळं वेचून नीरेत टाकली. उरलेलं फडक्यानं चोळून बुरशी काढली, उन्हात उलटंपालटं केलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "कसला हो कुबट वास?" म्हटलं, "उन्हं दाखवतोय बियाला." "बाई गं, पुरुष असून किती करता!" त्या म्हणाल्या. मग मी शेण कालवून कणगी सारवली. कचेरीत कागदावर शाईचा डाग पडला तर हळहळणारा माणूस मी. तिथं कोपरापर्यंत शेणात हात घालून पुरावा लिंपत होतो.

रोहिणी लागायच्या आधी काका आणि चुलतभाऊ गाडी घेऊन आले. काकांनी वरून मूठभर बी घेतलं, एक दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला.

"वाळलंय," ते म्हणाले. मग मूठ नाकाला लावली. "कुंद वास मारतोय जरा."

"न्हाणीच्या धुराचा असेल."

"आसंल. कमीबी दिसतंय रं."

"उंदीर झालेत माळ्यावर."

चुलतभाऊ म्हणाला, "आबा, घरी ग्येल्याव मूठभर फडक्यात बांधून मोड येतात का बगू या." ही पेरणीपूर्वीची रीतच आहे, ओल्या फडक्यात बांधायचं आणि मोड बघायचे. काका दरसाल न चुकता करत. त्या दिवशी ते त्याच्यावर खेकसले.

"आपल्या पोराच्या घरातनं चाललंय बी. त्येला काय फडक्यात बांधायचं? इस्वास हाय का न्हाई?"

मी गाडीमागं वेशीपर्यंत चालत गेलो. का गेलो कुणास ठाऊक. कदाचित बोलणार होतो. काका म्हणाले, "जा आता माघारी, ऊन लागंल." मी माघारी आलो.

मृग सरता सरता एसटीच्या ड्रायव्हरकडून निरोप आला, बोलावलंय. मी नसरापूरपर्यंत एसटीनं, पुढं मिळेल तसा, शेवटी चिखलातून पायी गेलो. पाऊस चांगला होता. दुसऱ्या वाडीतल्या राबांवर, रोपांसाठी भाजलेल्या तुकड्यांवर, रोपं बोटभर वर आली होती, हिरवीगार. आमच्या वाडीचे राब काळेच होते. भाजलेली राख, तिच्यात पाणी, आणि चारदोन चुकार कोंब. एकाच्या नाही, सगळ्यांच्या.

देवळाच्या पडवीत भावकी जमली होती. काका खांबाला टेकून, टोपी गुडघ्यावर.

"चांगलं बी बाजारात इकलं आन आमाला रद्दी वाटली," एकजण म्हणाला.

चुलतभाऊ त्याच्या अंगावर धावून गेला. "पुन्यांदा बोल! पुन्यांदा बोल बगू!"

"खाली बस," काका म्हणाले. मोठ्यानं म्हणाले नाहीत. तो बसला.

एक म्हातारी, नात्यानं आमची चुलत आजी, पडवीच्या पायरीवरनं बोलली, "डोळं ग्येलं आसलं तर सांगायचं हुतं, बाबा. आमी काय हसलो आसतो व्हय? वल्लं बी भरलंस तू कणगीत. आन मोडबी बगितलं न्हाईस म्हनं!"

"न्हाई बगितलं," काका म्हणाले.

मग ते माझ्याकडं वळले. सगळी पडवी माझ्याकडं वळली. शिकलेला मी, कचेरीतला मी.

"तुज्याकडं बी कोरडं व्हतं न्हवं?"

त्यांच्या विचारण्यात संशय नव्हता. ते मला साक्षीला बोलावत नव्हते, ते स्वतःची चूक कुठं झाली ते शोधत होते. मी 'नाही' म्हणालो असतो तर त्यांची मान वर झाली असती. एका शब्दानं.

"होतं, काका," मी म्हणालो. आणि कुणाला ऐकू आलं नसेल म्हणून मान हलवली.

काका खांबापासून सरळ झाले. मग टोपी डोक्यावर घालून म्हणाले, "मग म्याच वल्लं भरलं. वाळवणीच्या टायमाला आभाळ आलं हुतं दोन दिस. चूक माजी हाय."

पुढचं तर लिहितानाही दात खावेसे वाटतात. भावकीनं मलाच गळ घातली की सरकारात शब्द टाक आणि बी मिळवून दे. मी मिळवून दिलं. जाडं भात होतं, लवकर पिकणारं हळवं, बिनवासाचं, पण उगवलं. उपाशी राहायची वेळ टळली. लोक म्हणाले, पोरगं शिकलं म्हणून वाचलो. पायरीवरच्या त्या म्हातारीनं माझी दृष्ट काढली. आणि काकांनी, ज्यांनी मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला होता त्या काकांनी, माझ्यापुढं हात जोडले. मी ते हात धरलेसुद्धा. 'असं काय करता काका,' असंही म्हणालो. आमच्या आंबेमोहराचा तो वाण तिथं संपला. व्यापारी उरलेलं भात घेऊन गेला होता, ते कुठल्या गिरणीत गेलं कोण सांगणार.

भोरला आलो आणि भर पावसात वायरमनला बोलावून पत्रा कापला, कौलं काढली, नळा बाहेर नेला. "आता कसं वानरांचं भ्या गेलं?" तो म्हणाला. मी त्याला घरातून हाकलून दिलं.

त्याच पावसाळ्यानंतर काका डोळे दाखवायला भोरला आले. त्यांनी मनाशी घेतलं होतं की नजर अधू झाली, म्हणून ओलं बी ओळखू आलं नाही. डॉक्टरनं सांगितलं, वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत. ते ऐकून त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते जास्तच गप्प झाले. डोळे शाबूत, म्हणजे मग हयगयच केली, असा त्यांचा हिशेब.

त्या सकाळी ते माझ्या न्हाणीत अंघोळीला बसले. पंखा फिरत होता. आतून हाक आली.

"आरं, ही वाफ जाती कुठं?"

ते 'वाफ' म्हणाले. मी दाराबाहेर उभा होतो. बटणावर माझा हात होता.

"बाहेर जाते, काका. नळा आहे छपरातून."

"ब्येस केलंस," ते म्हणाले, आणि तांब्यानं पाणी अंगावर घेतल्याचा आवाज आला.

ते खरं होतं. त्या दिवशी खरं होतं. आयुष्यात मी इतकं हलकट खरं दुसरं बोललो नाही.

काकांनी पुन्हा लोंब्या खुडल्या नाहीत. कापणीच्या आधी खाचरांतून हिंडायचं त्यांनी सोडलं. आणखी काही वर्षं जगले, साठ साल उजाडायच्या आत गेले. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी होतो. बोलायला वेळ होता, ऐकायला कान शाबूत होते. मी पाय चेपले.

चुलतभाऊ वाडीतच आहे. भाऊबंदकीचं भांडण निघालं की त्याला आजही ऐकवतात, "वल्लं बी भरणाऱ्याचा ल्योक तू, आमाला नको शिकवू." त्याच्या पोरांनाही ऐकवतात. तो मला दरसाल तांदळाचं पोतं पाठवतो, त्या जाड्या भाताचं. बायको म्हणते, किती प्रेमाचा माणूस! मी ताटावर बसतो आणि माझं डोकं फिरतं, आणि घरातल्यांना वाटतं, भात कच्चा राहिला म्हणून.

हा चुलतभाऊ वीस माणसांत माझ्या तोंडावर थुंकेल, याची मला भीती वाटते. एवढीच गोष्ट मला इतकी वर्षं अडवत आली. मोठं काही नव्हतं. काकांना दुःख होईल म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत असे, आणि काका गेल्यावर ते सांगायचीही सोय उरली नाही.

माझं देणं एवढंच आहे: देवळाच्या त्याच पडवीत, भावकी बसलेली असताना, काकांच्या मुलाच्या देखत उभं राहून सांगायचं की बी काकांनी कोरडं दिलं होतं, ते माझ्या माळ्यावर भिजलं आणि मी ते लपवलं. ते मी अजून सांगितलेलं नाही.